सांगाव्याचं पाणी

"दोन बोटं, साहेब. पह्यले फक्त दोन बोटं."

असं म्हणत आमचे गेटवाले भाऊ उजव्या हाताची दोन बोटं आडवी करून माझ्या नाकासमोर धरायचे. बोटांना ग्रीसचा वास, नखांत कायमचं काळं. नहराचं, म्हणजे कालव्याचं, मोठं गेट पहिल्यांदा किती उचलायचं, त्याचं हे माप. आमच्या ऑफिसात त्यासाठी तक्ते होते, गेटावर रंगवलेली पट्टी होती. भाऊ पट्टीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. चाक फिरवायचे, वर निघालेल्या स्क्रूच्या दांड्याला दोन बोटं आडवी लावायचे, बरोबर बसली की हात पुसून भिंतीला टेकायचे आणि बिडी पेटवायचे. पुढचा एक तास गेटाला हात नाही. एक दिवस सोडला, तर कोणी कितीही बोंबललं तरी नाही.

त्या दोन बोटांच्या फटीतून निघालेलं पाणी घोट्याच्या वर चढायचं नाही. कोरड्या नहरातून पालापाचोळा अन् प्लास्टिक ढकलत ते हळूहळू गावाकडे जायचं. याला भाऊ 'सांगावा' म्हणायचे. सांगावा आला म्हणजे मागून मोठं पाणी येतंय, तासाभरात नहराबाहेर निघा. "पानी मुकं असते, साहेब. त्याच्या पह्यले कोनीतरी बोलाव लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या माणसानं आयुष्यभरात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. नहराचा आणि गावाचा इतिहास मी लिहिणार होतो. त्यात एका बाईचं नाव घाला आणि ती कशी गेली ते खरं लिहा. बस, एवढंच. मी ते केलं नाही. का नाही केलं तेच सांगायला आज बसलो आहे. तेव्हा हे भाऊंबद्दल म्हणून वाचा. माझी बाजू यात शोधू नका, ती लंगडी आहे.

तुम्ही म्हणाल, नहरात माणसं कशाला जातील मरायला? मग तुम्ही उन्हाळ्यातला कोरडा नहर पाहिलेला नाही. कन्हान नदीच्या पलीकडे आमचं ते गाव. नहर गावाच्या बरोबर मधून जायचा आणि पाणी सोडायच्या दोन पाळ्यांच्या मधे महिना महिना रिकामा पडलेला असायचा. गावाला मैदान नव्हतं, घरांना अंगण नव्हतं. होता तो नहर. काँक्रीटच्या उतरणीवर बायकांच्या कुरड्या, सरगुंडे, पापड वाळायचे. तळात पोरांची क्रिकेटची मॅच. पुलाच्या सावलीत दुपारची झोप काढणारे दहा-पंधरा जण, आणि त्यांच्या उशाशी बकऱ्या. आणि मिरचीच्या हंगामात तर काय विचारता, पुलापासून पुढं नहराचा तळ लालच लाल.

सांगावा आला की हे सगळं निवांतपणे गोळा व्हायचं. कोणी पळायचं नाही. एकदा मी गेटावर उभा असताना एक बाई काठावरून धावत आली आणि ओरडली, "भाऊ, थांबा ना गा जरासक! माह्या कुरड्या ओल्याच हाय अजून!"

भाऊंनी बिडी तोंडातून काढली. "तास हाय वं तुह्याजवळ! तेवढ्यात कुरड्याही वाळतीन अन् तुह्या पोराचं लगनही लागीन!"

बाई हसत परत गेली. मी मात्र मनातल्या मनात हिशेब करत होतो, या एका तासात किती पाणी फुकट जातं. मी तेव्हा नवा शाखा अभियंता. नागपूरच्या महालातल्या कारकुनांच्या घराण्यात साहेब झालेला पहिला पोरगा, त्यामुळे पाय जमिनीपासून चार बोटं वर. भाऊ माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो. म्हटलं, "हे काय लावलंस रे? तासभर पाणी वाया घालवतोस."

"वाया नाई गेलं, साहेब. कामी लागलं."

"कोणाच्या?"

"जो निंघून गेला त्याच्या."

असा माणूस. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो, कारण तो वाद घालतच नाही. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात एखाददुसरी असतील. त्यांची बदली कोणी करत नाही आणि बढतीही कोणी देत नाही.

भाऊंचा जन्मच नहरावरचा. म्हणजे नहर व्हायच्या आधीचा. वडील मातीकामावर आलेले, आई टोपल्या उचलायची, आणि खोदकामाच्या मजुरांच्या झोपड्यांत हे जन्माला आले. "माह्या बापानं खंदला, म्या उघडला," हे ते छाती काढून सांगायचे. काम संपलं तेव्हा सगळे मजूर आपापल्या गावी परत जातील असं साहेब लोकांना वाटलं होतं. कोणी गेलंच नाही. छत्तीसगडचे राहिले, दगडफोडे तेलंगी राहिले, आमच्या इकडचे तर राहिलेच. आधी एक चहाची टपरी झाली, मग नहराच्या दोन्ही काठांवर गुरुवारचा बाजार भरायला लागला, मग शाळा, मग पोस्ट. गावाला कागदोपत्री छान नाव आहे, पण नागपूरहून निघालेल्या बसचा कंडक्टर आजही ओरडतो, "कॅम्पवाले उतरा!" आणि सगळं गाव उतरतं.

सुरुवातीला म्हणे गेटांना कुलपंच नव्हती. मग एका वर्षी नहर जिथून निघतो त्या तलावात पाणी कमी, वरच्या गावानं भरदुपारी येऊन चाक फिरवून पाणी आपल्याकडे वळवलं, खालचं गाव काठ्या घेऊन आलं. दोघांची डोकी फुटली. त्यानंतर अकरा गेटांना अकरा साखळ्या आणि अकरा कुलपं आली. किल्ल्यांचा जुडगा भाऊंच्या करदोड्याला. दर पंधरा दिवसांनी ते सायकलवर एकेका कुलपाला गोड तेलाचे थेंब घालत जायचे. "कुलूप पान्याले नाई लावलं, साहेब. मानसाले लावलं. पानी बिचारं कोनाचं वाईट करते?"

मी तेव्हा हसलो होतो.

आता तो दिवस. तो सांगायलाच हवा, नाहीतर बाकीचं सगळं नुसतं कौतुक होईल.

चैत्र संपत आला होता. नहराच्या अगदी शेवटच्या टोकाला एक नवा तलाव झाला होता, आणि त्यात पहिलं पाणी पडताना एक मोठे पाहुणे नारळ फोडणार होते. मी तिकडे मांडवात. हातात तबक, तबकात नारळ, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. वरच्या साहेबांचा फोन आला, पाहुणे लवकर निघालेत, पाणी त्यांच्या आधी पोचलं पाहिजे, नाहीतर कोरड्या तलावात नारळ फोडायचा का? मी लगेच भाऊंना फोन लावला.

"सोडून किती वेळ झाला?"

"दहा मिनिट झाले असन, साहेब. सांगावा आता पुलाजवळ पोचत असन."

"पाच मिनिटांत पूर्ण उचल."

 

"तास व्हाचा हाय, साहेब."

"पाहुणे कन्हानचा पूल ओलांडून आले! तासाचं काय घेऊन बसलास?"

"तास माहा नाई, साहेब. लोकाइचा हाय. त्याइच्या हाडात बसला हाय तो."

"मी सांगतोय ना! हा आदेश आहे."

"मंग लेखी द्या."

"संध्याकाळी देतो लेखी. उचल आधी!"

आणि मी फोन ठेवला. नारळाची शेंडी नीट करायला घेतली.

पुलाच्या खाली त्या वेळी दोन बायका होत्या, सख्ख्या जावा. एका व्यापाऱ्याची मिरची वाळवायचं काम त्यांच्याकडे होतं. मिरची दुसऱ्याची, भिजली तर उद्यापासून कामावर येऊ नका. जवळच सावलीत परगावचा एक ट्रकचा क्लीनर झोपला होता. सांगाव्याचं पाणी त्याच्या टाचांना लागलं तसा तो "बाढ़ आयी, बाढ़ आयी" करत चपला तिथंच टाकून वर पळाला. त्याला बघून दोघी पोट धरून हसल्या. मग थोरली म्हणाली, "तू वर जाय, म्या खालून देतो. तास हाय अजून." धाकटी काठावर चढली. थोरली खाली चादरीत मिरची भरून गाठोडं बांधायची, धाकटी दोरीनं वर ओढायची. तीन गाठोडी वर आली. चौथ्याला गाठ मारत असताना मोठं पाणी आलं.

काँक्रीटची उतरण ओली झाली की साबणासारखी होते. पायऱ्या पुलाच्या पलीकडे. धाकटीनं दोरी टाकली होती, थोरलीनं धरलीही होती म्हणतात.

इकडे टोकाला पाणी अगदी वेळेवर पोचलं. नारळ फुटला, टाळ्या पडल्या. त्या पाण्यात चार-दोन लाल मिरच्या तरंगत आल्या. मांडवातलं कोणीतरी म्हणालं, "वा! शुभ आहे." मीही मान डोलावली. पेढा तोंडात असतानाच फोन वाजला.

रस्त्याखालून नहर जातो तिथं लोखंडी जाळी आहे. ती बाई तिथं अडकली होती. मी पोचलो तेव्हा भाऊंनी कमरेला दोर बांधून तिला वर काढलं होतं. जाळीवर मिरचीचा थर. भाऊंचे हात, तोंड, डोळे सगळं भाजल्यासारखं लाल. पुढचे चार दिवस त्यांचे डोळे चुरचुरत होते, आणि त्यांनी घरातल्या कोणालाही त्यावर काही लावू दिलं नाही. हे मला नंतर त्यांच्या बायकोनं सांगितलं.

चौकशी झाली. मी जबाबात लिहिलं, सदर महिला नेहमीची सूचना मिळूनही नहराच्या तळात उतरली. अक्षर माझं फार वळणदार आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. फोनचा उल्लेख नाही. लेखी आदेश मी त्या संध्याकाळी दिला नाही, कधीच दिला नाही. भाऊंच्या जबाबाची मला धडकी भरली होती. पण त्यांनी दोनच ओळी सांगितल्या. घड्याळ बघण्यात माझी चूक झाली. गेट मी उचललं.

ते निलंबित झाले. मी त्यांच्या घरी गेलो. दारातल्या कडुलिंबाखाली बसून ते कुलपाला तेल घालत होते. किल्ल्या ऑफिसनं काढून घेतल्या होत्या, ते कुलूप त्यांच्या स्वतःच्या पेटीचं होतं.

"भाऊ, फोनचं का नाही सांगितलंत?"

"फोननं गेट नाई उचलत, साहेब. हातानं उचलते. हात माहा होता."

'सांगितलंत' म्हणालो, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करायला लागलो. शरमेनं माणूस सभ्य होतो. खरं तर मला तिथंच त्यांचे पाय धरायला हवे होते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन खरं लिहून द्यायला हवं होतं. मी चहा प्यालो आणि मोटारसायकलला किक मारली.

सहा महिन्यांनी ते परत कामावर आले. सांगावा सोडायचे, पण आता भिंतीला टेकून बिडी ओढणं बंद. गेटाला कुलूप लावून पुलापर्यंत काठानं चालत जायचे, तोंडात शिट्टी, प्रत्येक वळणावर खाली वाकून बघायचे, पुढं जाळीपर्यंत जायचे, परत यायचे, आणि मग चाकाला हात. दीड तास लागो, दोन लागोत. कोणी साहेबानं घाई केली तर म्हणायचे, "लेखी आना." आणि बायकाही आता कुरड्यांवरून थट्टा करत नव्हत्या. सांगावा दिसला की किंचाळत लेकरांना वर ओढायच्या. पाणी मुकं असतं, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

वर्षं गेली. भाऊ रिटायर झाले. मीही नोकरीच्या टोकाला आलो. तेव्हा नहराचा कसलासा महोत्सव निघाला आणि स्मरणिका काढायचं ठरलं. मराठी कोणाचं बरं आहे? माझं. 'नहर आणि गाव' हा इतिहास माझ्या गळ्यात पडला. आता ऑफिसात इतिहास कुठला असणार? तिथं नकाशे आणि वाळवी. मी वही घेऊन भाऊंकडे गेलो.

तीन दुपारी ते सांगत होते. कोणत्या बैलगाड्यांवर गेटं आली, चाक चिखलात रुतलं तेव्हा कोणी खांदा दिला, पहिलं पाणी आलं तेव्हा त्यांच्या बापानं ओंजळीत घेऊन ते प्यायच्या ऐवजी डोक्याला कसं लावलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कूलरचा धडधडाट, आणि भाऊ मधूनच उठून मला नहराचा बाक हातानं दाखवायचे. इतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती. तिसऱ्या दुपारी त्यांनी कूलर बंद केला.

"आता ते लिहा, साहेब."

"काय?"

"तुमाले माहीत हाय काय." मग त्यांनी त्या बाईचं नाव सांगितलं, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, सावकाश, मला लिहिता यावं म्हणून. "कागदावर लिवून ठेवलं हाय का ती सूचना असूनही उतरली. म्हंजे येडी ठरवली तिले. ती येडी नोयती, साहेब. तास हाय हे तिले माहीत होतं. म्याच शिकवलं होतं ना साऱ्याइले? ज्याले काई माहीत नोयतं तो क्लीनर वाचला, अन् माह्या तासावर ज्याचा भरोसा होता ते बाई गेली. तास म्या शिकवला, म्याच तोडला. लिहा."

"भाऊ, स्मरणिका कोण वाचतं हो?"

"कोनी नाई वाचत. पन लिवलेलं राह्यते. ते खोटं राह्यलं तसं हे खरं राहीन."

मी लिहिलं. एक पान झालं. तिचं नाव, तास, आणि तासाचं पाणी पंधरा मिनिटांत सोडलं गेलं ही ओळ. खरं सांगतो, त्या स्मरणिकेतलं तेवढं एकच पान चांगलं उतरलं होतं. छापखान्यातून कच्ची प्रत आली आणि माझी झोप उडाली. पंधरा मिनिटांत का? कोणाच्या सांगण्यावरून? कोणीही विचारलं असतं. माझे पेन्शनचे कागद वर गेलेले. मला वाटलं, म्हाताऱ्यानं इतकी वर्षं दात धरला होता, आता इतिहासाच्या आडून मला गाठतोय. हो, असं वाटलं मला. चोराच्या मनात चांदणं. मी ते पान काढलं आणि तिथं हार घातलेल्या मोठ्या गेटाचा रंगीत फोटो टाकला.

प्रत द्यायला स्वतः गेलो. वाटलं होतं, फोटो बघतील, खूश होतील. भाऊंनी चष्मा लावला आणि पहिल्या शुभेच्छा संदेशापासून ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. मी समोर बसून. चहा आला, कप गेला. बापाचं नाव आलं तिथं ते थांबले, दोनदा वाचलं. शेवटचं पान उलटलं, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला पाहिलं, जाहिरातीही पाहिल्या.

"ते पान कुठी हाय, साहेब?"

"जागा पुरली नाही, भाऊ."

रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्या तुमचं नाव टाका म्हनलं होतं काय?"

"नाही."

"मंग?"

मी बुटांचे बंद बांधायला लागलो, ते आधीच बांधलेले होते. स्मरणिका परत करतील असं वाटलं, पण त्यांनी ती पेटीत ठेवली. म्हणाले, "ह्याच्यात माह्या बापाचं नाव हाय. राहू द्या."

ती शेवटची भेट. मी पुन्हा गेलो नाही, कोणत्या तोंडानं जाणार? मागच्या उन्हाळ्यात सीताबर्डीत कूलरचा पंप घ्यायला गेलो होतो. व्हेरायटी चौकात आमचा जुना शिपाई भेटला, इकडचं तिकडचं बोलला, आणि जाता जाता म्हणाला, "भाऊ गेले ना, साहेब. दोन महिने झाले. तुमाले कोनी सांगतलं नाई काय?" वरून मेट्रो जात होती, ऑटोवाले कानाशी ओरडत होते, आणि मी हातात पंप धरून भर रस्त्यात रडलो. शिपाई गांगरून गेला बिचारा. साहेबाला रडताना त्यानं पाहिलं नव्हतं, आणि मीही.

काढलेलं पान माझ्याकडे होतं. दुसऱ्याच दिवशी बस धरली. कंडक्टर ओरडला, "कॅम्पवाले उतरा," आणि मी उतरलो. मोठ्या गेटाला आता मोटर आहे, भोंगा आहे. पुलाशेजारच्या रांगेत विचारत विचारत त्या धाकट्या जावेचं घर सापडलं. केस पिकलेली, सुकलेली बाई, ओट्यावर बसून मिरचीचे देठ तोडत होती. नहर खात्यात होतो म्हटल्यावर तिनं आतून खुर्ची आणवली.

तिला वाचता येत नव्हतं. मी पान वाचून दाखवलं. नाव, तास, पंधरा मिनिटं. तिचे हात थांबले नाहीत.

"हे तं आमाले माहीत हाय," ती म्हणाली. "गेटवाले भाऊ सांगून जायेत ना. दरवर्षी येत, त्याच दिवशी. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहेत अन् म्हनेत, बाई, तुह्या जावेची चूक नोयती, तास म्या तोडला. आमी त्याले कधी घोटभर पानी नाई देलं. माही सासू जित्ती होती तवा तं थुकली होती त्याच्या आंगावर. म्या काय काय नाई बोलली. तुह्या घरचं असंच पान्यात जाईन म्हनली. मान खाली घालून आयके अन् जाये. पुढच्या साली पुन्हा हजर. यंदा नाई आला तवा समजलं, मेला."

मी खुर्चीवरून उठलो. बसून ते बोलता आलं नसतं.

"बाई, त्यांनी तोडला नाही. ते नाही म्हणत होते. फोन मी केला होता. मी सांगितलं, पूर्ण उचल. पाहुणे येणार होते."

तिचे हात थांबले. शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावून गेलं. मला वाटलं आता ती ओरडेल, रांग गोळा करेल. मी त्याला तयार होतो. खरं तर तेच हवं होतं मला.

"त्यानं एकडाव बी नाई म्हनलं," ती अगदी हळू बोलली. "एवढ्या शिव्या देल्या म्या त्याले, एकडाव बी नाई म्हनलं का ह्या माह्या नोहेत म्हनून."

मग तिनं सूप बाजूला सारलं.

"आता त्या वापस कशा घेऊ, साहेब? तो तं गेला."